विंटर फ्युएल पेमेंट: आधी कपात, मग माघार, आता ३५,००० पौंडांची रेघ

टेम्सकाठ

नमस्कार मंडळी. नोव्हेंबर २०२५ सुरू झालाय, खात्यांत विंटर फ्युएलचे, म्हणजे ब्रिटनमध्ये ज्येष्ठांना हिवाळ्यात घर गरम ठेवायला सरकार देतं ते, पैसे यायला लागलेत आणि त्याबरोबर गोंधळही. वर्षभरात नियम दोनदा बदलले. त्यामुळे अनेक ज्येष्ठांना आपण आत आहोत की बाहेर हेच कळत नाहीये. म्हणून आधी घडलं ते क्रमाने लिहितो. जाणकारांनी पुढे भर घालावी.

ही मदत १९९७ मध्ये सुरू झाली, गॉर्डन ब्राऊन अर्थमंत्री असताना. पुढे ती ८० च्या आतल्यांना २०० आणि ८० च्या पुढच्यांना ३०० पौंड अशी स्थिरावली आणि कितीतरी वर्षं त्याच आकड्यावर राहिली. उत्पन्नाची अट नव्हती.

२९ जुलै २०२४ ला अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी जाहीर केलं की येत्या हिवाळ्यापासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ही रक्कम फक्त पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना मिळणारी पुरवणी सरकारी मदत) किंवा तत्सम उत्पन्नाधारित मदत घेणाऱ्यांनाच मिळेल. लाभार्थी सुमारे १ कोटी ८ लाखांवरून १५ लाखांच्या आसपास येणार होते आणि पहिल्या वर्षी १.४ अब्ज पौंड वाचणार होते. १० सप्टेंबरला संसदेत हा निर्णय रद्द करण्याचा ठराव ३४८ विरुद्ध २२८ मतांनी पडला. सत्ताधारी मजूर पक्षातल्या एकट्या जॉन ट्रिकेट यांनी सरकारविरुद्ध मत दिलं. त्या पक्षातल्या बऱ्याच जणांनी मतच दिलं नाही. पात्रतेचा आठवडा, म्हणजे ज्यात अटी पूर्ण असाव्या लागतात तो, होता १६ ते २२ सप्टेंबर, म्हणजे मतदानानंतर सहाच दिवसांनी सुरू होणारा. माणसाला तयारीला वेळ किती मिळाला ते यावरून समजा.

मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत फटका बसल्यावर पंतप्रधान स्टार्मर यांनी माघारीची भाषा केली, आणि ९ जूनला नवा नियम आला: निवृत्तिवेतनाच्या वयाच्या सगळ्यांना पैसे द्यायचे, आणि ज्यांचं वार्षिक करपात्र उत्पन्न ३५,००० पौंडांच्या वर आहे त्यांच्याकडून ते करातून परत घ्यायचे.

या वर्षीचं (हिवाळा २०२५-२६) गणित असं. जन्म २२ सप्टेंबर १९५९ च्या आधीचा हवा. घरात पात्र माणूस एकच असेल तर २००, जन्म २२ सप्टेंबर १९४५ च्या आधीचा असेल तर ३००. नवरा-बायको दोघेही पात्र असतील तर रक्कम विभागली जाते: दोघे ८० च्या आत तर १००-१००, दोघे ८० च्या पुढे तर १५०-१५०, एक पुढे आणि एक आत तर २०० आणि १००. "मला निम्मेच आले" अशी तक्रार करण्याआधी जोडीदाराचं खातं बघा. पेन्शन क्रेडिट घेणाऱ्या जोडप्याला मात्र पूर्ण रक्कम एकाच्याच खात्यात येते.

हिशेबनीस

चांगला धागा. मला २०२४ च्या चुकीवर थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण तीच चूक इतर योजनांत पुन्हा होऊ शकते.

श्रीमंत पेन्शनरला २०० पौंड कशाला, हा प्रश्न रास्तच होता. चूक झाली ती माप निवडताना. पेन्शन क्रेडिट हे गरिबीच्या तळाचं माप आहे. २०२४-२५ मध्ये एकट्या माणसासाठी ती पातळी आठवड्याला २१८.१५ पौंड होती. त्याच वर्षी पूर्ण नवं स्टेट पेन्शन (सरकारी निवृत्तिवेतन) २२१.२० पौंड होतं. म्हणजे ज्याच्याकडे स्टेट पेन्शनशिवाय एक पैसा नाही, असा माणूसही ३.०५ पौंडांनी बाहेर. वर्षाचा हिशेब केला तर तो रेघेच्या १५८.६० पौंड वर होता आणि त्यापायी २०० पौंड गमावत होता. ८० च्या पुढच्या एकट्या माणसाने पेन्शन क्रेडिटचा दरवाजा थोडक्यात चुकवला, तर त्याचे ३०० गेले.

दुसरं, रेघेखाली असलेले सगळे पेन्शन क्रेडिट घेतच नव्हते. सरकारच्याच तेव्हाच्या अंदाजानुसार पात्र असून न घेणारी कुटुंबं ८ लाख ८० हजारांपर्यंत होती. कागदावर "गरिबांना मदत चालू आहे" आणि प्रत्यक्षात सर्वांत गरिबांतला मोठा गट उपाशी. त्यातली कारणं ठाऊक असलेलीच: लांबलचक अर्ज, "आपल्याला थोडीच मिळणार" ही समजूत, आणि भीक मागितल्यासारखं वाटणं. वाचवायच्या रकमेचा बराचसा डोलारा लोक अर्ज करणार नाहीत यावरच उभा होता.

जाहीर झाल्यावर पेन्शन क्रेडिटच्या अर्जांचा पूर आला. त्यातले साधारण निम्मे नामंजूर झाले. निम्मे मंजूर झाले याचा अर्थ इतकी माणसं आधीपासून हक्काच्या पैशांविना राहत होती.

आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारने स्वतःच मान्य केलं की या निर्णयाने त्या वर्षी आणखी सुमारे ५०,००० पेन्शनर सापेक्ष गरिबीत (देशातल्या मधल्या उत्पन्नाच्या तुलनेत मोजलेल्या गरिबीत) जातील. हा आकडा मतदानानंतर दोन महिन्यांनी बाहेर आला. आधी यायला हवा होता.

सह्यकडा

हिशेबनीस, माप चुकलं हे मान्य. पण ३५,००० ची रेघ तरी कुठे न्याय्य आहे? ती माणसागणिक आहे, घरागणिक नाही. नवरा-बायकोचं प्रत्येकी ३४,००० उत्पन्न असेल, म्हणजे घरात ६८,००० येत असतील, तर दोघांनाही पैसे ठेवता येतात. शेजारी एकटी विधवा ३५,५०० वर असेल तर सगळे परत. शिवाय रेघ ओलांडली की टप्प्याटप्प्याने कमी होत नाही, सगळंच जातं. ३५,००० वर २०० ठेवायचे आणि ३५,००१ वर शून्य.

माझं मत असं की सरसकट द्यावं आणि सरळ करपात्र करावं. जास्त कमावणारा आपोआप ४० टक्के परत देतो, रेघ लागत नाही, कुणाला कळवायला लागत नाही. या नव्या पद्धतीत सरकारच्याच आकड्यांप्रमाणे सरसकट देण्याच्या तुलनेत वाचतात ४५ कोटी पौंड, आणि त्यासाठी एवढी वसुली यंत्रणा.

हिशेबनीस

करपात्र करण्याचा मुद्दा चांगला आहे, पण त्यात २० टक्के कर भरणाऱ्या साध्या पेन्शनरचेही ४० पौंड जातील. १३,००० वर जगणाऱ्या माणसाला ते टोचतात. घरागणिक रेघ ओढायची तर कर खात्याकडे जोडप्यांचा एकत्र हिशेबच नसतो, कारण इथला आयकर १९९० पासून वैयक्तिक आहे. म्हणून माणसागणिक रेघ आली. ती न्याय्य आहे असं मी म्हणत नाही. २०२४ च्या रेघेपेक्षा शंभर पटींनी कमी त्रासाची आहे एवढंच म्हणतो. आता सुमारे ९० लाखांना ठेवता येतात.

कोल्हापूरची_लेक

एक नेमकी शंका. ओळखीतल्या एक बाई आहेत, वय ८३, एकट्या, लीड्सला. जुनं बेसिक स्टेट पेन्शन १७६.४५ आठवड्याला, यजमानांच्या कंपनीचं विधवा पेन्शन ४५, बँकेत १४,२०० पौंड. गेल्या वर्षी पेन्शन क्रेडिट नाकारलं, म्हणून विंटर फ्युएलही गेलं. या वर्षी ३०० आले. त्यांना आता आंघोळीला आणि कपडे घालायला मदत लागते. पेन्शन क्रेडिटला पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे का?

पायरीपायरीने

नुसता पेन्शन क्रेडिटचा अर्ज पुन्हा केला तर त्याचा मुख्य भाग, गॅरंटी क्रेडिट, मिळणार नाही. एप्रिल २०१६ आधी पेन्शनच्या वयात आलेल्यांचा छोटा भाग, सेव्हिंग्ज क्रेडिट, मात्र मिळू शकतो, तो जरूर विचारा. पण क्रम बदलला तर चित्र पूर्ण पालटतं. नीट मांडतो.

२०२५-२६ मध्ये एकट्या माणसाची गॅरंटी क्रेडिटची पातळी २२७.१० आहे. त्यांचं उत्पन्न १७६.४५ अधिक ४५ म्हणजे २२१.४५. इथपर्यंत त्या पात्र दिसतात. पण बचतीतले पहिले १०,००० सोडून उरलेल्या प्रत्येक ५०० ला, किंवा ५०० च्या तुकड्यालाही, आठवड्याला १ पौंड उत्पन्न धरतात. उरले ४,२००, म्हणजे आठ पूर्ण आणि एक तुकडा, एकूण ९ पौंड. उत्पन्न झालं २३०.४५, रेघेवर ३.३५. म्हणून गॅरंटी क्रेडिटला नकार.

आता आधी अटेंडन्स अलाउन्स (पेन्शनच्या वयात रोजच्या कामांना मदत लागणाऱ्यांचा भत्ता) मागा. हे उत्पन्नावर अवलंबून नाही, बचत बघत नाहीत, करही नाही. २०२५-२६ मध्ये आठवड्याला, दिवसा किंवा रात्री मदत लागत असेल तर ७३.९०, दोन्ही वेळा लागत असेल तर ११०.४०. ते मंजूर झालं, बाई एकट्या राहत असतील आणि त्यांच्यासाठी कुणी केअरर्स अलाउन्स (सांभाळ करणाऱ्याचा भत्ता) घेत नसेल, तर पेन्शन क्रेडिटच्या पातळीत ८२.९० ची भर पडते. पातळी होते ३१०. अटेंडन्स अलाउन्स उत्पन्नात मोजत नाहीत. मग ३१० वजा २३०.४५, म्हणजे निदान ७९.५५ पौंड दर आठवड्याला पेन्शन क्रेडिट. अधिक ७३.९०. एकूण निदान १५३.४५. तीन पौंड पस्तीस पेन्सने नकार मिळालेल्या बाईंना आठवड्याला दीडशे पौंड मिळू शकतात, फक्त अर्जांचा क्रम बरोबर हवा.

अर्ज करताना बहुतेकांचं चुकतं ते इथे:

फॉर्म फोन करून मागवा. सहा आठवड्यांत भरून पाठवला तर फोन केल्याची तारीख धरतात. इंटरनेटवरून छापून घेतला तर तो त्यांच्याकडे पोचेल ती तारीख.

चालायला त्रास होतो, एवढं लिहून काही मिळत नाही. यात प्रवासाचा भाग नाहीच. शरीराच्या कामांना मदत लागते ते लिहायचं: अंथरुणातून उठणं, धुणं-पुसणं, शौचाला जाणं, गोळ्या घेणं, जेवताना कापून देणं. किती वेळा आणि प्रत्येक वेळी किती मिनिटं. मदत प्रत्यक्ष मिळतेय की नाही याला महत्त्व नाही, गरज आहे का हे बघतात. आपली माणसं "तसं ठीक चाललंय माझं" असं लिहून मोकळी होतात आणि नकार येतो. एकटीने कपडे घालायला चाळीस मिनिटं लागत असतील आणि मध्ये दोनदा बसावं लागत असेल, तर तेच लिहावं.

गरज सहा महिने असलेली हवी.

मंजुरीचं पत्र आलं की त्याच आठवड्यात पेन्शन क्रेडिटचा नवा अर्ज, ०८०० ९९ १२३४ वर. नॅशनल इन्शुरन्स नंबर, बँकेचा तपशील, सगळ्या पेन्शनांचे आकडे, बचतीचे आकडे हाताशी ठेवा. अर्ज तीन महिने मागे नेता येतो, "बॅकडेट करा" असं तोंडाने सांगा. दुभाषा मागता येतो. दुसऱ्या कुणी फोन केला तर बाईंनी फोनवर येऊन संमती द्यावी लागते. नकार आला तर एका महिन्यात फेरविचार मागा, त्यानंतर ट्रिब्युनल, म्हणजे अपिलाचं न्यायाधिकरण.

कोल्हापूरची_लेक

फार उपयोगी. त्यांचा मुलगा त्यांच्याकडे राहायला येणार असं चाललंय. त्याने काही बिघडेल?

पायरीपायरीने

हो, आणि हे येण्याआधीच समजून घ्यायला हवं. मुलाचं उत्पन्न पेन्शन क्रेडिटमध्ये धरत नाहीत. पण कमावता प्रौढ माणूस त्याच घरात राहू लागला की ती ८२.९० ची भर साधारणपणे जाते, कारण ती "एकटं राहण्यावर" आहे. अटेंडन्स अलाउन्स राहतं. विंटर फ्युएलही राहतं, बिल कोण भरतं याच्याशी त्याचा संबंध नाही. काही अपवाद आहेत, म्हणून आधी सिटिझन्स ॲडव्हाइस किंवा एज यूके या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थांच्या माणसाशी बोलून घ्या.

आपल्याकडच्या एकत्र कुटुंबांत आणखी एक गळती होते. वॉर्म होम डिस्काउंट या सवलतीचे १५० पौंड विजेच्या बिलातून वजा होतात, पण बिलावर पेन्शन क्रेडिट घेणाऱ्याचं किंवा तिच्या जोडीदाराचं नाव असावं लागतं. घरात सगळी बिलं मुलाच्या नावावर असतात आणि आजींचे दीडशे दरवर्षी जातात.

मिडलँड्सकर

पेन्शन क्रेडिटबरोबर आणखी काय उघडतं हेही सांगायला हवं: काउन्सिल टॅक्समध्ये (घरावरच्या स्थानिक करात) सवलत, ७५ च्या पुढे टीव्ही लायसन्स मोफत (२०२५-२६ मध्ये एरवी १७४.५० पौंड), दातांचे उपचार मोफत, आणि कडाक्याच्या थंडीत कोल्ड वेदर पेमेंट. ते शेवटचं असं: १ नोव्हेंबर ते ३१ मार्च, तुमच्या भागाचं सरासरी तापमान सलग सात दिवस शून्य किंवा खाली गेलं वा जाईल असा अंदाज आला, की २५ पौंड आपोआप.

आता भारताशी संबंधित तीन गोष्टी, कारण आपल्या लोकांचं इथेच चुकतं.

हिवाळ्यात पुण्याला किंवा कोल्हापूरला तीन महिने राहायचं असा अनेकांचा नेम असतो. पेन्शन क्रेडिट देशाबाहेर साधारण चार आठवडेच चालू राहतं. जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूमुळे लांबलं तर आणखी चार, वैद्यकीय उपचारांसाठी २६ आठवड्यांपर्यंत. जाण्याआधी कळवा. न कळवता तीन महिने राहिलात तर पैसे परत मागतात आणि वर दंडही लागू शकतो. विंटर फ्युएलचं मात्र तसं नाही. नेहमीचं वास्तव्य इथलं असेल तर पात्रतेच्या आठवड्यात सुट्टीवर असल्याने ते जात नाही. कायमचे भारतात परतलात तर ते मिळत नाही, आणि ब्रिटिश स्टेट पेन्शनही भारतात गोठतं, दरवर्षीची वाढ लागत नाही. परतीचा विचार करणाऱ्यांनी हे आधी हिशेबात धरावं.

भारतातली संपत्ती लपत नाही आणि लपवू नये. ठाण्यातला फ्लॅट, मुदत ठेव, शेअर हे सगळं पेन्शन क्रेडिटच्या बचतीत धरतात. राहतं घर सोडलं जातं. दुसरं घर, मग ते कुठल्याही देशात असो, मोजलं जातं.

मुलांनी व्हिसावर आणलेले आईवडील: व्हिसावर "सार्वजनिक निधीचा आधार नाही" अशी अट असेल तर पेन्शन क्रेडिट आणि अटेंडन्स अलाउन्स मागू नये. पुढच्या व्हिसावर परिणाम होऊ शकतो. आधी इमिग्रेशन सल्लागाराला विचारा.

टेम्सकाठ

३५,००० च्या वर गेलेल्यांसाठी वसुली कशी होणार, हे कुणी लिहाल का? खूप जण घाबरलेत.

हिशेबनीस

घाबरण्यासारखं काही नाही, पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

बघतात ते २०२५-२६ या कर-वर्षाचं, म्हणजे ६ एप्रिल २०२५ ते ५ एप्रिल २०२६ चं करपात्र उत्पन्न: स्टेट पेन्शन, खासगी पेन्शन, पगार, भाडं, बँकेचं करपात्र व्याज, लाभांश. आयसा (करमुक्त बचत) खात्यातलं व्याज, प्रीमियम बाँडची बक्षिसं, पेन्शनमधून काढलेली करमुक्त एक-चतुर्थांश रक्कम, अटेंडन्स अलाउन्स हे त्यात नाही. ३५,००० च्या अगदी काठावर असाल तर मार्चमध्ये पेन्शन पॉटमधून (खासगी पेन्शनच्या साठ्यातून) मोठी करपात्र रक्कम काढायची असल्यास ती ६ एप्रिलनंतर काढा. एवढ्याने रक्कम वाचू शकते.

पगार किंवा खासगी पेन्शनमधून कर कापला जात असेल तर एप्रिल २०२६ पासून टॅक्स कोड (किती कर कापायचा ते ठरवणारा क्रमांक) बदलेल आणि २०० पौंड महिन्याला सुमारे १७ पौंडांनी वर्षभरात कापले जातील. सेल्फ असेसमेंट, म्हणजे स्वतः कर-विवरण, भरत असाल तर २०२५-२६ च्या विवरणात ते येईल, भरायची मुदत ३१ जानेवारी २०२७. कागदी विवरण भरणाऱ्यांनी रक्कम स्वतः लिहायला विसरू नये. एप्रिलमध्ये नवा कोड आला की तो तपासा. उत्पन्न ३५,००० च्या आत असूनही कापलं जात असेल तर कर खात्याला लगेच कळवा, कारण कोड आधीच्या वर्षाच्या अंदाजावरून बांधला जातो आणि ज्यांनी मध्येच काम सोडलं त्यांचा अंदाज चुकतो.

नको असलेल्यांनी आधीच नाकारायची मुदत १५ सप्टेंबरला संपली. आता आले असतील तर परत पाठवायची घाई करू नका. आपोआप कापले जातील, दोनदा देऊन बसाल.

उबदार_घर

कागदपत्रांचं झालं. आता त्या २०० पौंडांत घर किती तापतं ते पाहू. ऑक्टोबर-डिसेंबर २०२५ या तिमाहीत ऑफजेमच्या (ऊर्जा नियामकाच्या) दरमर्यादेत गॅस युनिटला ६.२९ पेन्स आणि वीज २६.३५ पेन्स आहे. २०० पौंडांत गॅसची सुमारे ३,१८० युनिटं येतात. सर्वसाधारण घराचा वर्षाचा वापर ११,५०० युनिटं धरतात, म्हणजे पाव भागाहून थोडी जास्त. ज्यांचे हे पैसे २०२४ ला गेले त्यांची नुसती चैन गेली नाही, जानेवारीची ऊब गेली.

काटकसर म्हणून लोक सगळ्यात महाग मार्ग धरतात: बॉयलर बंद आणि दोन किलोवॉटचा फॅन हीटर चालू. तो तासाला ५३ पेन्स खातो. तेवढीच उष्णता गॅस बॉयलर साधारण १५ पेन्सला देतो. म्हणून बॉयलर चालू ठेवा आणि न वापरत्या खोल्यांतल्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह १ वर आणा, दारं लावून घ्या. बसायच्या खोलीत ३ च्या आसपास. पूर्ण बंद करू नका, भिंतीला ओल धरते आणि बुरशी येते. ६५ च्या पुढच्यांनी बसायच्या आणि झोपायच्या खोलीत निदान १८ अंश ठेवावं, असं इथली आरोग्य यंत्रणा सांगते. पाच पौंडांचा थर्मामीटर खुर्चीच्या उंचीवर ठेवा, खिडकीजवळ नको. वयाबरोबर थंडीची जाणीव बोथट होते, त्यामुळे "मला गार वाटत नाही" यावर विसंबू नये.

स्वस्त ऊब हवी तर माणूस तापवा. १०० वॉटचं इलेक्ट्रिक ब्लँकेट आठ तास चाललं तर २१ पेन्स. दहा वर्षांपेक्षा जुनं, घडीच्या जागी काळवंडलेलं किंवा वायर उघडी पडलेलं असेल तर टाकून द्या. ते दुमडून ठेवू नका, गुंडाळून ठेवा. त्यावर गरम पाण्याची पिशवी कधीच नको.

रेडिएटर वरून गार आणि खालून गरम असेल तर आत हवा अडकलीय. हीटिंग बंद करून पूर्ण गार होऊ द्या. वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनी टोकाला चावी लावून खाली फडकं धरा, पाव फेरा डावीकडे फिरवा. फुस्स असा आवाज येईल. पाण्याची सलग धार लागली की लगेच बंद. खालच्या मजल्यापासून सुरुवात करा. मग बॉयलरवरचा दाब बघा, गार असताना १ ते १.५ बार हवा. हवा सोडल्यावर तो उतरतो, आणि खूपच उतरला तर बॉयलर चालतच नाही. मग लोक बॉयलर बिघडला म्हणून माणूस बोलावतात. खालचा भरणा-व्हॉल्व्ह हळू उघडून दाब पुन्हा आणा आणि व्हॉल्व्ह नीट बंद करा. रेडिएटर खालून गार असेल तर मात्र गाळ साचलाय, त्याला चावीचा उपयोग नाही.

कोंबी बॉयलर (वेगळी टाकी नसलेला, लागेल तेव्हा पाणी तापवणारा) असेल तर रेडिएटरकडे जाणारं पाणी ७५-८० वरून ६० अंशांवर आणा. परत येणारं पाणी ५५ च्या खाली आलं की वाफ आतच निवते आणि तिची उष्णता मिळते. खोली तापायला थोडा जास्त वेळ लागेल, म्हणून टायमर अर्धा तास आधी लावा.

मिडलँड्सकर

उबदार_घर, हे ६० अंश फक्त कोंबीला, हे ठळक लिहायला हवं. गरम पाण्याची टाकी असलेल्या घरात टाकीचं पाणी ६० च्या खाली जाऊ देऊ नये, लिजिओनेला जंतू वाढतात. वयस्क माणसाला तो आजार जीवघेणा होऊ शकतो.

प्रीपेमेंट मीटरवाल्यांसाठीही (आधी पैसे भरून गॅस-वीज वापरणाऱ्यांसाठी) एक. उन्हाळ्यात गॅस वापरला नाही तरी रोजचं स्थिर शुल्क साचत राहतं. सहा महिन्यांचे ५० ते ६० पौंड होतात. ऑक्टोबरमध्ये थंडी पडली म्हणून वीस पौंड भरले की मीटर ते गिळतो आणि घर गारच. "पैसे भरले पण हीटिंग लागत नाही" याचं कारण बहुधा हेच. उन्हाळ्यातही दर आठवड्याला दोन-तीन पौंड भरत राहा. आत्ताच अडकला असाल तर पुरवठादाराला फोन करून साचलेली थकबाकी हप्त्यांनी कापायला सांगा. आणि पुरवठादाराच्या प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरला (ज्येष्ठ, आजारी ग्राहकांच्या यादीत) नाव नोंदवा. फुकट आहे, वीज किंवा गॅस गेला तर आधी लक्ष देतात.

उबदार_घर

बरोबर, कोंबीलाच. आणखी एक राहिलं: कडाक्याच्या सकाळी बॉयलर गुडगुड आवाज करून बंद पडला तर बाहेरची पांढरी प्लास्टिकची नळी बघा, निवलेलं पाणी बाहेर टाकणारी. ती गोठलेली असते. गरम पाण्याची पिशवी वाकणाऱ्या जागी धरा किंवा कोमट पाणी ओता, उकळतं नको, नळी तडकते. मग रीसेट. नळी उंचावर असेल तर ज्येष्ठांनी शिडी चढू नये, शेजाऱ्याला हाक मारावी. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

स्कॉटलंडवासी

वर सगळं इंग्लंड-वेल्सचं आलंय म्हणून नोंद करतो. स्कॉटलंडमध्ये वेगळी योजना आहे, पेन्शन एज विंटर हीटिंग पेमेंट. या हिवाळ्यापासून (२०२५-२६) ते सोशल सिक्युरिटी स्कॉटलंड ही इथली सरकारी संस्था देते: ८० च्या आत २०३.४०, पुढे ३०५.१०. ३५,००० ची अट आणि करातून वसुली इथेही आहे. कोल्ड वेदर पेमेंट इथे नाही. त्याजागी पात्र लोकांना हवामान न बघता वर्षातून एकदा ठराविक रक्कम मिळते. उत्तर आयर्लंडने गेल्या हिवाळ्यात बाहेर पडलेल्यांना एकदाच १०० पौंड दिले होते.

पायरीपायरीने

फसवणुकीबद्दल लिहायलाच हवं. "हिवाळी हीटिंग अनुदानासाठी इथे क्लिक करा, मुदत आज संपते" असे मेसेज जोरात फिरताहेत. विंटर फ्युएल बहुतेकांना आपोआप येतं, मेसेजवरून कधीच अर्ज करावा लागत नाही आणि बँकेचा तपशील कुणी मागत नाही. वसुलीसाठीही कर खातं मेसेज किंवा फोन करत नाही. असा मेसेज ७७२६ वर पाठवा आणि पुसून टाका. बटण दाबून तपशील दिलाच असेल तर लाज न बाळगता बँकेला १५९ वर फोन करा, लगेच.

सह्यकडा

आपोआप न येणारे कोण? स्टेट पेन्शन पुढे ढकलून काम करणारे बरेच आहेत.

पायरीपायरीने

तेच. स्टेट पेन्शन घेत नाहीत, इतर कुठली मदतही नाही आणि हे पैसे आधी कधी मिळाले नाहीत, अशांना स्वतः मागावे लागतात. या हिवाळ्यासाठी शेवटची तारीख ३१ मार्च २०२६. बाकीच्यांनी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बँकेचं स्टेटमेंट बघावं. ओळीत नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि पुढे डीडब्ल्यूपी डब्ल्यूएफपी (पेन्शन खात्याचं आणि विंटर फ्युएल पेमेंटचं इंग्रजी लघुरूप) असं दिसतं. जानेवारीच्या शेवटापर्यंत ना पत्र आलं ना पैसे, तर विंटर फ्युएल केंद्राला फोन करा.

कोल्हापूरची_लेक

लीड्सच्या बाईंसाठी अटेंडन्स अलाउन्सचा फॉर्म आज फोनवर मागवला. आजची तारीख फॉर्मवर छापून येईल म्हणाले. गोळ्या आणि आंघोळ यांचा वेळ आठवडाभर वहीत टिपून ठेवायला सांगितलाय, मग भरू. मुलाचं राहायला येणं सिटिझन्स ॲडव्हाइसची भेट होईपर्यंत थांबवलंय. आणि त्यांच्या बैठकीच्या खोलीतला रेडिएटर वरून गार होता तो हवा सोडल्यावर तापला. दाब ०.६ वर उतरला होता, १.३ वर आणला.